साठ टीएमसीच्या काठावरचे पेन्शनर

9 मार्च 2024 रोजी शरद पवार भोरजवळच्या संगमनेर गावी अनंतराव थोपटे यांच्या घरी गेले. त्याच दिवशी भोरला महाविकास आघाडीची सभा होती आणि सुप्रिया सुळे यांची बारामतीची उमेदवारी पवारांनी तिथेच जाहीर केली. मुंबई-पुण्याहून आलेल्या वार्ताहरांना या भेटीत लोकसभेची बातमी दिसली. भोरच्या वयस्क माणसांना मात्र 1999 साल आठवलं. पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचा जन्म त्याच वर्षीचा. थोपटे काँग्रेसमध्येच राहिले होते, मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं, आणि ज्या मतदारसंघानं त्यांना 1972 पासून पुन्हा पुन्हा विधानसभेत पाठवलं, तिथेच राष्ट्रवादीच्या काशिनाथ खुटवड यांनी त्यांचा पराभव केला. त्या निकालाच्या दिवशी आपण कुठे होतो, कोणाच्या ओट्यावर रेडिओ लागला होता, हे सांगणारी माणसं भोरमध्ये आजही भेटतात.

ही माणसं बहुतेक निवृत्त आहेत. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, कोणी एसटीत ड्रायव्हर, कोणी पाटबंधारे खात्यात, कोणी मुंबईच्या गिरणीत. तरुणपणी ही मंडळी भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून बाहेर पडली किंवा वाडीवाडीवर नोकरी करत फिरली, आणि आता गावी आली आहेत. सकाळी पेपर, मग बाजारपेठेत एक चक्कर, औषधं, कोणाच्या तरी दशक्रियेला किंवा साखरपुड्याला जाणं, संध्याकाळी देवळासमोर बैठक. राजकारणावर बोलणं हा त्या बैठकीचा रोजचा विषय, आणि त्याला 'रिकामटेकड्यांच्या गप्पा' म्हणून उडवून लावण्याची घाई घरातले तरुण करतात, पुढारी तर करतातच. ती घाई या दोन तालुक्यांना महागात पडते आहे. कोणी काय शब्द दिला होता आणि त्यातलं काय झालं, हे इथे दुसऱ्या कोणाला इतकं पक्कं ठाऊक नाही.

पाण्याचंच घ्या. भोरमध्ये भाटघर आणि नीरा देवघर, वेल्ह्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी. भाटघरची क्षमता साडेतेवीस टीएमसी, वरसगावची 12.82, नीरा देवघरची 11.73, पानशेतची 10.65, गुंजवणीची 3.69. बेरीज 62 टीएमसीच्या वर जाते. पुणे शहर पितं ते पाणी पानशेत-वरसगावचं. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचा ऊस उभा आहे तो भाटघरच्या आधारावर. आणि याच दोन तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. खाली जलाशय, वर घागरी, अशी ही परिस्थिती एका उन्हाळ्याची नाही.

भाटघरची गोष्ट तर इंग्रजी अमदानीपासूनची. वेळवंडी नदीवरचं पहिलं धरण 1892 पर्यंत बांधून झालं, आणि त्याच्या जागी आजचं मोठं धरण 1928 मध्ये पुरं झालं. तेव्हा भोर संस्थान होतं, पंत सचिवांचं राज्य होतं. ते 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे राजा गेला, संस्थान गेलं, इंग्रज गेले, पण धरणाच्या वर राहणाऱ्यांनी पाण्याकडे पाहायचं आणि धरणाच्या खाली राहणाऱ्यांनी ते वापरायचं, ही विभागणी जशीच्या तशी पुढे चालत आली. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी ओसरलं की वेळवंड खोऱ्यातलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. गाळात रुतलेल्या त्या दगडांना हात लावायला गावोगावचे म्हातारे नातवंडांना घेऊन जातात. हल्ली पुण्याची पर्यटक मंडळीही कॅमेरे घेऊन येतात. नातवाला आजोबा देऊळ दाखवून थांबत नाहीत. आपल्या आज्याची खाचरं कुठल्या बाजूला होती, बांध कुठून जायचा, हेही बोटानं दाखवतात. सातबाऱ्यावरून पुसलेली जमीन अशी तोंडी टिकून आहे.

पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं. पुण्यात त्या दिवसाच्या आठवणींवर दर जुलैत लेख येतात, आणि यायलाच हवेत, कारण शहरानं त्या दिवशी फार सोसलं. पण पानशेतच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची कहाणी त्या मानानं कोणी लिहीत नाही. तेव्हा धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्रानं तो 1976 मध्ये केला, मग 1986 मध्ये नव्यानं आणि 1999 मध्ये पुन्हा. पुनर्वसनाला हक्काचा आधार मिळाला तोवर पानशेतच्या खोऱ्यातली घरं उठून पंधरा वर्षं झाली होती. ज्यांनी लहानपणी बैलगाडीत भांडीकुंडी भरताना पाहिली, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडून हे लिहून घेणारं कोणी नसेल, तर आणखी दहा वर्षांनी ते कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.

निवृत्तांतही एक भेद आहे, आणि तो एका बाकावर बसलेल्या दोघांमध्ये दिसतो. एक गुरुजी आणि एक एसटीचे ड्रायव्हर, दोघांनी तीस-तीस वर्षं सार्वजनिक सेवेतच काढली. गुरुजींना जुन्या पद्धतीची पेन्शन आहे, महागाई भत्त्यासकट. वेल्ह्याच्या मुक्कामी गाडीवर पावसाळ्यात रात्री काढणाऱ्या ड्रायव्हरला मात्र ईपीएस-95 योजनेतली पेन्शन मिळते, आणि ती इतकी तुटपुंजी असते की महिन्याची औषधं आणि विजेचं बिल भागवलं की हातात फारसं उरत नाही. या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर 2014 मध्ये हजार रुपये ठरली, आणि ती वाढवून साडेसात हजार करा म्हणून देशभरचे पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलन करत आले. साखर कारखान्यातले कामगार याच योजनेत, गिरण्यांतले याच योजनेत, पुण्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेलेही याच योजनेत. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर एसटी कर्मचाऱ्यांनी राज्य सरकारात विलीनीकरणासाठी जो संप सुरू केला आणि जो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, त्याकडे शहरानं गैरसोय म्हणून पाहिलं. त्या संपाच्या मुळाशी म्हातारपणाची ही भीतीही होती, हे भोर डेपोतल्या माणसांच्या घरच्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

गुरुजींच्या घरातही सगळं आलबेल आहे असं नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या त्यांच्या मुलाला जुनी पेन्शन नाही. जुन्या पेन्शनसाठीच्या मार्च 2023 च्या संपात मुलगा रस्त्यावर होता आणि वडील घरी बसून आपल्या पेन्शनच्या पासबुकाकडे काहीशा संकोचानं पाहत होते, असं चित्र या दोन तालुक्यांत घरोघर होतं.

बायकांचा हिशेब याहून कठीण आहे. अंगणवाडी सेविका तीस वर्षं लसीकरणाच्या याद्या सांभाळते, कुपोषित पोरं शोधत वाड्या पालथ्या घालते, आणि निवृत्त होते तेव्हा तिच्या हातात एकरकमी लाखभर रुपये पडतात. मासिक पेन्शन नाही. आणि जिनं आयुष्यभर चिखलात उभं राहून भाताची लावणी केली, तिला तर निवृत्तीच नाही. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये सुरू झाले, पण वयाची अट 21 ते 65. म्हणजे सुनेला मिळतात, सासूला नाहीत. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना आहे, तिथेही दीड हजारच. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं 21 हजार रुपयांवरच ठेवलेली, म्हणजे महिना पावणेदोन हजार. एवढ्या उत्पन्नात कुटुंब चालतं असा दाखला तलाठ्यानं द्यायचा आणि म्हातारीनं तो घेऊन तहसीलला जायचं. ही मर्यादा बदलायला हवी, आणि ती बदला असं निवडणुकीच्या सभेत ठणकावून सांगणारे हेच पेन्शनर असायला हवेत, कारण तहसीलच्या खिडकीवर अर्ज भरून देणारेही तेच असतात.

नोव्हेंबर महिना आला की हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करावं लागतं, त्याशिवाय पेन्शन चालू राहत नाही. 2014 पासून त्याची डिजिटल सोय झाली, आणि दिल्ली-मुंबईत बसून पाहिलं तर ती सोयच आहे. वेल्ह्याच्या बाजूच्या माणसाचा अंगठा त्या यंत्रावर ठेवला की काय होतं, ते जवळून पाहावं. ज्या हातानं नांगराचा रुमणा धरला, बांधाचे दगड रचले, भाताचा तरवा उपटला, त्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्र लाल दिवा दाखवतं. समोरचा मुलगा म्हणतो, "बाबा, बोट पुसा आणि परत ठेवा." बाबा धोतराच्या सोग्याला बोट पुसतात, परत ठेवतात. मग दुसरं बोट, मग दुसरा हात. पाठीमागे रांग खोळंबते आणि म्हातारा उगाचच ओशाळतो. आता चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली आहे, पण त्यासाठी चांगला फोन हवा आणि डोंगराच्या कुशीत रेंज हवी. भोर आणि वेल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात नोव्हेंबरमध्ये एक दिवस बँकेचा माणूस येऊन बसला, तर हा त्रास एका दुपारी संपेल. यासाठी कायदा लागत नाही.

एसटीनं मात्र म्हाताऱ्यांसाठी खरंच काही केलं. 26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट होतंच, आणि 17 मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं तिकीट. ही योजना कोणत्या सरकारनं आणली याचा विचार न करता तिचं कौतुक करावं, इतका तिचा उपयोग झाला. लेकीकडे जायचं, पुण्याच्या डॉक्टरला दाखवायचं, आळंदीला जाऊन यायचं, यासाठी मुलाकडे हात पसरावा लागेनासा झाला. पण तिकीट माफ होऊन उपयोग तेव्हा, जेव्हा गाडी येते. आडवळणाच्या गावांची फेरी कमी झाली, मुक्कामी गाडी बंद झाली, की मोफत प्रवास कागदावर उरतो. वरंध घाटाचा रस्ता तर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं बंद ठेवावा लागतो, आणि जुलै 2021 च्या अतिवृष्टीत तो जागोजागी खचला होता. भोरच्या बाजूला माहेर आणि महाडच्या बाजूला सासर असलेल्या बायकांना मग ताम्हिणीचा नाहीतर आंबेनळीचा वळसा पडतो.

निवृत्त शिक्षकांच्या बोलण्यात हल्ली सगळ्यांत जास्त येते ती शाळा. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा 14,783 शाळा होत्या आणि त्यांत 1 लाख 85 हजारांवर मुलं शिकत होती. नमुना म्हणून ज्या दोन ठिकाणांकडे बोट दाखवलं, त्यांतलं एक नंदुरबारचं तोरणमाळ आणि दुसरं वेल्हे तालुक्यातलं पानशेत. पानशेतची शाळा चांगली आहे. वर्ग स्वच्छ आहेत, विषयाला शिक्षक आहे, मुलांना आणायला-सोडायला गाडी आहे. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत सांभाळलेल्या गुरुजींनाही हे मान्य असतं. त्यांची शंका वेगळी असते, आणि ती ऐकण्यासारखी आहे. वाडीतली शाळा म्हणजे वाडीत रोज येणारा एक नोकरदार माणूस. तोच पत्र वाचून दाखवायचा, साप चावलेल्याला दवाखान्यात पाठवायचा, मुलीचं लग्न लवकर ठरलं तर बापाला चार शब्द सुनवायचा. शाळा उठली की तो माणूसही उठतो. पावसाळ्यात दरड पडून गाडी आली नाही, तर पहिली शाळा सुटते ती मुलीची. एक नमुना यशस्वी झाला म्हणून राज्यभर तोच कित्ता गिरवण्याआधी या निवृत्त शिक्षकांना बोलावून विचारायला काय हरकत होती? वेल्ह्यात तीस-चाळीस वर्षं डोंगर चढलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांच्याइतका या विषयाचा जाणकार मंत्रालयात मिळणार नाही.

विचारणार तरी कोण? पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. प्रशासकांनी कारभार पाहिला. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरं, पण अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा 1 मे 1962 ला सुरू झाल्या. त्यानंतरच्या पहिल्या दशकांत जे नोकरीला लागले, त्यांनी सभापतीच्या दारात गाऱ्हाणं घेऊन उभी राहिलेली माणसं पाहिली आहेत. सभापती कसाही असो, त्याला पुन्हा मतं मागायला यायचं असायचं. प्रशासकाला तसं यावं लागत नाही. हा फरक पेन्शनर मंडळी ज्या कळवळ्यानं बोलतात, तसा तो वर्तमानपत्रांनीही बोलून दाखवायला हवा होता.

पक्षांच्या बाबतीत मात्र या बैठकींचे जुने हिशेब पार विस्कटले आहेत. 2024 च्या लोकसभेला भोरनं सुप्रिया सुळे यांना भरघोस आघाडी दिली. सहाच महिन्यांनी, 23 नोव्हेंबरच्या निकालात, 2009 पासून तीन वेळा निवडून आलेले, अनंतरावांचे चिरंजीव संग्राम थोपटे पराभूत झाले आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे, मुळशीचे शंकर मांडेकर आमदार झाले. एप्रिल 2025 मध्ये संग्राम थोपटे यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. ज्या घरात पन्नास वर्षं काँग्रेसचा झेंडा होता, तिथे हे झालं. जुन्या कार्यकर्त्यांना त्याचं दुःख आहे, आणि ते समजून घ्यायला हवं. त्यांनी पक्ष पाहिला त्याहून घर पाहिलं होतं, आणि आता घराबरोबर जायचं की पक्षाबरोबर, हा प्रश्न सत्तरीत समोर आला. पण यातूनच एक मोकळीकही मिळते. निष्ठेचं ओझं उतरलं, तर कामाचा हिशेब मागता येतो. उत्रौलीची औद्योगिक वसाहत किती निवडणुकांत जाहीरनाम्यात आली? नदीपलीकडे शिरवळला कारखाने उभे राहिले, भोरची पोरं रोज तिथे कामाला जातात, आणि उत्रौलीची मागणी मागणीच राहिली. हे सांगताना पेन्शनर कोणत्याही एका पुढाऱ्याचं नाव घेत नाहीत, कारण त्यांना सगळ्यांची भाषणं आठवतात.

मार्च 2024 मध्येच राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. त्याचा आनंद इथे खरा आहे. राजगड ही स्वराज्याची पंचवीस वर्षांहून अधिक काळची राजधानी, तोरणा शेजारी, आणि गुंजण मावळ, कानद खोरं, हिरडस मावळ ही नावं इथल्या माणसाला इतिहासाच्या पुस्तकातून शिकावी लागत नाहीत; ती त्याच्या लग्नपत्रिकेवर असतात. राजगडाचं नाव ल्यालेल्या तालुक्यात गडाच्या पायथ्याच्या वाडीला वर्षभर नळाचं पाणी मिळावं, ही अपेक्षा त्या नावातूनच येते. घरोघर नळाचं पाणी देणारी जलजीवन योजना ऑगस्ट 2019 मध्ये जाहीर झाली तेव्हा मुदत 2024 ची होती; पुढे ती 2028 पर्यंत वाढवली. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसासाठी चार वर्षांची मुदतवाढ ही लहान गोष्ट नाही.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची रीत आहे. बहुतेक गावांत झेंडावंदन झालं की पेढा घेऊन माणसं पांगतात. भोर आणि वेल्ह्यातल्या निवृत्त गुरुजींनी, ड्रायव्हरांनी, सेविकांनी, पाटबंधारे खात्यातल्या जुन्या माणसांनी त्या सभांना थांबावं आणि ठराव लिहून घ्यावेत: धरणाच्या वरच्या गावांना पाण्याचा ठरावीक वाटा आणि तो उचलण्याच्या योजना, श्रावणबाळच्या उत्पन्नमर्यादेत वाढ, नोव्हेंबरात गावात हयातीच्या दाखल्याचं शिबिर, बंद पडलेल्या मुक्कामी गाडीची फेरी. ठरावाची भाषा, त्याला लागणारे जोडकागद आणि तो कोणाच्या टेबलावर अडतो, हे त्यांना नोकरीतच कळलेलं आहे. ग्रामसेवकानं तो इतिवृत्तात लिहिला की नाही, हे पाहायला दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जायला त्यांच्याकडे वेळही आहे.